छायाचित्रात न उमटणारे दुखणे

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा औषधे, पथ्यपाणी, गुडघे आणि झोप यांविषयीची असतात. गेल्या महिन्यात पुण्याहून एका बहात्तर वर्षांच्या मातेचे चार पानी पत्र आले, त्यात मात्र यांपैकी काहीच नव्हते. एक छायाचित्र होते आणि एकच प्रश्न होता, ‘‘माझ्या हातून माझ्या लेकीचे नुकसान झाले का?’’

त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून ती हकिकत सांगतो. त्यांची कन्या गेली अठरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये आहे. एका औषधनिर्मिती कंपनीत ती जबाबदारीच्या पदावर होती. सहा वर्षांपूर्वी तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, जडला. बोटांची पेरे, मनगटे, मग पावले. औषधांनी आजार आटोक्यात राही, पुन्हा उसळे. दोन वर्षांपूर्वी तिला नोकरी सोडावी लागली. तेव्हापासून तिला दोन ठिकाणांहून साहाय्य मिळत होते. एक तेथील सोशल सिक्युरिटी खात्याचा अपंगत्व-लाभ, आणि दुसरा तिच्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी उतरवलेल्या दीर्घकालीन अपंगत्व विम्याचा मासिक हप्ता.

आई मागील वर्षी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेली होती. गणपतीत तेथील मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला दोघी गेल्या. डॉक्टरांनी त्या आठवड्यापुरता स्टेरॉइडचा डोस थोडा वाढवून दिला होता. मुलीने साडी नेसली, म्हणजे आईने नेसवली. मनगटाचा पट्टा छायाचित्रासाठी काढून पर्समध्ये ठेवला आणि मैत्रिणींच्या आग्रहाखातर फुगडीचे दोन फेरे घेतले. आईने तो क्षण टिपला आणि रात्री फेसबुकवर टाकला. खाली लिहिले, ‘‘लेक पुन्हा पहिल्यासारखी! गणरायाची कृपा.’’ एकशे चाळीस जणांनी अंगठे उंचावले.

पाच महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. लाभ थांबवण्यात येत आहे. सोबतच्या कागदांत ते छायाचित्र होते, आणि आईच्या ओळीचे इंग्रजी भाषांतरही होते.

हे वाचून तुमच्या मनात जे आले असेल तेच माझ्याही मनात आले. एवढ्या दूरच्या, मराठीत लिहिलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पानावर कोण कशाला जाईल? पण जातात. खासगी विमा कंपन्या दावेदाराची अधूनमधून चौकशी करतात, त्यासाठी बाहेरची माणसे नेमतात, आणि आता त्या चौकशीतली पहिली पायरी बहुधा समाजमाध्यमांची असते, कारण त्यासाठी घराबाहेर गाडी लावून बसावे लागत नाही. दावेदाराने स्वतःचे पान कुलूपबंद ठेवले असले तरी आईचे, नणंदेचे, मंडळाचे पान उघडे असते. त्यात नावाचा टॅग असला की झालेच.

या प्रकाराची जगभर चर्चा झाली ती 2009 साली, कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या एका महिलेमुळे. तीव्र नैराश्यामुळे ती दीर्घ रजेवर होती आणि तिला विम्याचा लाभ मिळत होता. फेसबुकवर तिची वाढदिवसाच्या मेजवानीतली, मद्यगृहातल्या एका कार्यक्रमातली आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटीतली हसरी छायाचित्रे होती. तिचा लाभ बंद झाला. तिचे म्हणणे असे की माणसांत मिसळा, थोडी मौज करा, असे तिला डॉक्टरांनीच सांगितले होते. विमा कंपनीने म्हटले की केवळ अशा संकेतस्थळांवरील मजकुरावरून आम्ही कोणाचा योग्य दावा नाकारत नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. छायाचित्र एकटे सहसा दावा बुडवत नाही. ते एक शंका निर्माण करते. मग फाइलमधला प्रत्येक कागद त्या शंकेच्या उजेडात वाचला जातो.

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2014 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या सरकारी अभियोक्त्यांनी शंभराहून अधिक जणांवर अपंगत्व-लाभ लबाडीने घेतल्याचे आरोप ठेवले. त्यांत निवृत्त पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान पुष्कळ होते. मानसिक आजारामुळे घराबाहेर पडवत नाही, असे कागदोपत्री सांगणाऱ्यांपैकी काहींची पाण्यावरची वेगवान स्कूटर चालवतानाची, मासेमारीची छायाचित्रे पुराव्यात होती. अशा लबाडीचा भुर्दंड खऱ्या आजाऱ्याला भरावा लागतो, कारण त्यानंतर प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. तेव्हा यापुढे जे सांगणार आहे ते काही लपवण्याचे शास्त्र नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

आता कायदा काय पाहतो ते बघू. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची अपंगत्वाची व्याख्या कठोर आहे. निदान बारा महिने टिकलेला किंवा टिकेल असा, अथवा मृत्यूकडे नेईल असा आजार असावा आणि त्यामुळे कोणतेही भरीव काम करता येऊ नये. 2025 साली दृष्टिहीनांखेरीज इतरांसाठी महिन्याला 1,620 डॉलरहून अधिक कमाई म्हणजे भरीव काम, असा हिशेब होता. पण ‘काम करता येणे’ याचा अर्थ एखादे काम एकदा जमणे असा नाही. खात्याच्या स्वतःच्या नियमानुसार प्रश्न असा असतो की ही व्यक्ती दिवसाचे आठ तास, आठवड्याचे पाच दिवस, नियमितपणे आणि सातत्याने काम करू शकते का? आमवाताच्या रुग्णाला हा फरक सांगावा लागत नाही. पहाटे जखडलेली बोटे उघडायला तास-दीड तास लागतो. दुपारी माणूस बरा असतो. संध्याकाळी दोन तास समारंभात उभे राहिले, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कॅमेरा संध्याकाळी असतो. पहाटे पाच वाजता ब्रशवर टूथपेस्ट काढता येत नाही म्हणून न्हाणीघरात रडणाऱ्या बाईचे छायाचित्र कोणी काढत नाही, आणि काढू नयेच.

न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. 2012 साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी एका निकालपत्रात हा भेद चांगला उलगडून दाखवला होता. घरातली कामे माणूस आपल्या सवडीने करतो, मध्ये थांबतो, दुसऱ्याची मदत घेतो, आणि ती नीट झाली नाहीत तर कोणी नोकरीवरून काढून टाकत नाही. म्हणून घरकाम जमते यावरून नोकरी जमेल असे अनुमान काढणे चुकीचे, असा त्यांचा रोख होता. पुढे 2016 मध्ये खात्याने आपल्या नियमांतून दावेदाराची ‘विश्वासार्हता’ हा शब्दच काढून टाकला. रुग्णाच्या स्वभावाची परीक्षा घ्यायची नाही, त्याचे सांगणे इतर पुराव्याशी सुसंगत आहे का एवढेच पाहायचे, अशी त्यामागची भूमिका होती. शब्द गेला म्हणून माणसाच्या मनातली शंका जाते असे नाही, पण वकिलाच्या हाती एक आधार आला.

सोशल सिक्युरिटीचे निर्णय देणारे अधिकारी आणि न्यायाधीश यांना, दावेदाराची माहिती स्वतःहून इंटरनेटवर शोधत बसू नये, अशा सूचना आहेत. मात्र लबाडीचा संशय आला की प्रकरण खास तपास पथकांकडे जाते, आणि ती पथके समाजमाध्यमे पाहतात. हा वापर वाढवावा असा विचार वॉशिंग्टनमध्ये चालू असल्याचे वृत्त 2019 साली न्यूयॉर्क टाइम्सने दिले होते, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला. छायाचित्र कधीचे, त्या दिवशी औषध किती, दुसऱ्या दिवशी काय झाले, यांपैकी काहीही त्यात नसते.

खासगी विम्याचे नियम याहून वेगळे, आणि आपल्या पत्रलेखिकेच्या मुलीची गाठ तेथेच पडली आहे. अशा अनेक पॉलिसींत पहिले चोवीस महिने ‘स्वतःचा व्यवसाय करता येत नाही’ एवढे पुरते. त्यानंतर ‘कोणताही व्यवसाय करता येत नाही’ हे दाखवावे लागते. म्हणजे दोन वर्षे भरत आली की फाइल पुन्हा उघडली जाते. तिची दोन वर्षे त्याच सुमारास भरत होती. छायाचित्र नसते तरी फेरतपासणी झालीच असती, हे त्या माउलीला मुद्दाम सांगावेसे वाटते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट. तेथे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट ठरवताना एखादी क्रिया सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का, हे पाहतात. आणि अडचण निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते. त्यामुळे तेथे ‘मला चालताच येत नाही’ असे सरसकट लिहिणे हा सर्वांत मोठा धोका. महिन्यातून चार दिवस तुम्ही बागेत फिरता, तर तसेच लिहा. मग बागेतले छायाचित्र तुमच्या विरुद्ध जात नाही, उलट तुमच्याच म्हणण्याला दुजोरा देते.

अर्जातल्या भाषेविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मराठी माणूस, विशेषतः मराठी बाई, दुखणे सांगताना दोन टोकांना जाते. डॉक्टरांसमोर आणि नातेवाइकांसमोर ‘‘बरं आहे, चाललंय’’, आणि अर्ज भरताना, मदत मिळावी म्हणून, ‘‘काहीच करता येत नाही’’. पहिले वाक्य डॉक्टरांच्या टिपणात जाते, दुसरे अर्जात, आणि तिसरे फेसबुकवर: ‘‘ठणठणीत!’’ तिन्ही एकमेकांशेजारी ठेवली की खऱ्या आजाऱ्याचीही लबाडी वाटावी असे चित्र तयार होते. यावरचा उपाय जुनाच आहे, वहीचा. रोज चार ओळी. सकाळी जखडलेपण किती वेळ, कोणाची मदत लागली, औषध किती, काय जमले आणि त्यानंतर किती वेळ पडून राहावे लागले. चांगले दिवसही लिहावेत, किंबहुना ते जरूर लिहावेत. फक्त वाईट दिवसांच्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

समाजमाध्यमे सोडून द्यावीत का? माझे मत नाही असे आहे. घरात अडकलेल्या रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी ती एक खिडकी आहे, ती बुजवून टाकणे हेही आरोग्याला अपायकारकच. मात्र दुसऱ्याचे छायाचित्र टाकण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे. हा शिष्टाचार आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः पाळत नाही. ‘पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी’ म्हणून फेसबुक जुनी सहल पुढे करते, ती पुन्हा टाकताना वर्ष लिहावे, नाहीतर कास पठारावरची 2018 ची चढण आजची ठरते. पान खासगी ठेवले की निर्धास्त, असेही नाही. न्यायालय मजकूर मागवू शकते, आणि दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप समूहात खासगी असे काय उरते? आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. वेळ जावा म्हणून दिवाळीच्या फराळाच्या दोन ऑर्डरी घेणारी, त्याची जाहिरात करणारी बाई तपासनीसाला उद्योजिका दिसते. कमाई शंभर डॉलर असो वा शून्य, ती खात्याला आधी कळवलेली असली तर प्रश्न उरत नाही.

आपल्याकडे काय, असे तुम्ही विचाराल. भारतातील चौकट निराळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याखाली एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली जाते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगतेचे प्रमाणपत्र लागते. ही टक्केवारी वैद्यकीय मोजमापातून ठरते, माणूस नोकरी करू शकतो की नाही यावरून नव्हे. त्यामुळे एखाद्याचे सायकल चालवतानाचे छायाचित्र तत्त्वतः त्या टक्केवारीला धक्का लावत नाही. पण 2024 च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात वादळ उठले, तेव्हा लोकांनी इतर अधिकाऱ्यांची व्यायामाची, नृत्याची, गिर्यारोहणाची छायाचित्रे शोधून काढून त्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांपैकी एकाला, पोलिओने आपला पाय अधू आहे, म्हणून सायकल चालवता येत नाही असे नाही, हे जाहीरपणे समजावून सांगावे लागले. लबाडी झाली असेल तर कायदा आहेच. कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु चित्रफितीवरून निदान करण्याचा अधिकार त्या कायद्याने शेजाऱ्यांना दिलेला नाही.

आता पुन्हा त्या पत्राकडे. बाईंनी विचारले आहे की ते छायाचित्र मी काढून टाकू का, मुलीची आणखीही काही आहेत, तीही काढू का?

नको. वाद सुरू झाल्यानंतर पुसणे हे टाकण्याहून वाईट. व्हर्जिनिया राज्यात एका अपघाती मृत्यूच्या दाव्यात, मृत स्त्रीच्या पतीने वकिलाकडून मिळालेल्या सल्ल्यानुसार फेसबुकवरची छायाचित्रे काढून टाकली होती. 2011 साली न्यायालयाने त्याबद्दल वकिलाला 5,42,000 डॉलर आणि अशिलाला 1,80,000 डॉलर भरायला लावले. मूळ छायाचित्रांनी एवढे नुकसान क्वचितच झाले असते. तेव्हा आहे ते तसेच राहू द्यावे, नवे काही टाकू नये, आणि मुलीच्या वकिलाला सगळे दाखवावे.

दुसरे, मुदत. नोकरीतून मिळालेल्या अशा विम्याचा लाभ नाकारला गेला की कंपनीकडेच अपील करण्यासाठी 180 दिवस मिळतात. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर न्यायाधीश बहुधा अपिलाच्या वेळी फाइलमध्ये असलेलेच कागद पाहतात. म्हणजे जे सांगायचे ते आताच सांगायचे. पत्रावरील तारखेवरून माझ्या हिशेबाने अजून सुमारे सत्तर दिवस आहेत. त्या आठवड्यात स्टेरॉइड का आणि किती वाढवले याचे डॉक्टरांचे पत्र, औषधाच्या दुकानातील नोंद आणि नंतरच्या भेटीतील सांध्यांच्या सुजेची टिपणे ही सर्व त्यात हवीत.

आणि तिसरे तुमच्यासाठी, बाई. त्या रात्री काय झाले ते तुम्हीच पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे. घरी आल्यावर तिच्या साडीच्या पिना तुम्ही काढल्या, कारण तिची बोटे मिटत नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचे केस विंचरले, चमच्याने भात भरवला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा जिन्यावरून खाली आली. छायाचित्र काढणारी व्यक्ती पुढचे अठ्ठेचाळीस तास त्याच घरात होती, हे विमा कंपनीच्या कागदांत कोठेही नाही. रुग्णाच्या रोजच्या जगण्याविषयी घरच्या माणसाने दिलेले लेखी निवेदन ग्राह्य पुरावा असतो. सोशल सिक्युरिटी खात्याचा तर त्यासाठी वेगळा नमुनाच आहे. तुम्ही मराठीत लिहा, तारखा आणि वेळा घालून, जसे मला लिहिलेत तसेच. ‘पुन्हा पहिल्यासारखी’ हे शब्द का लिहिले तेही लिहा. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र मुलीचे वकील करून घेतील. टपालात दिवस जातात, म्हणून या आठवड्यातच बसा.